जबाबदारी: सर्व संबंधित

मागच्या वर्षी एका राज्याच्या शिक्षणाच्या पाच वर्षांच्या प्लॅनचा ड्राफ्ट माझ्या हातात आला. कुठलं राज्य, कुठलं खातं ते जाऊ द्या, कारण नंतर मी अजून चार ठिकाणचे वाचले आणि कव्हरवरचे हसणाऱ्या मुलांचे फोटो सोडले तर फार फरक सापडला नाही. बाहेरच्या काही लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, त्यात माझंही नाव कुणीतरी घातलेलं, म्हणून दोन रविवार बसून अख्खा वाचून काढला. आधी व्हिजन, मग मिशन, मग मूल्यं, मग ध्येयं, ध्येयांची उद्दिष्टं, उद्दिष्टांची उपउद्दिष्टं. शेवटी आडव्या पानावर एक लांबलचक टेबल, अक्षर इतकं बारीक की झूम केल्याशिवाय दिसेना. कॉलम पाच: उद्दिष्ट, निर्देशक, सध्याची स्थिती, लक्ष्य, जबाबदारी. आणि त्या शेवटच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत एकच, सर्व संबंधित. सर्व संबंधित. सर्व संबंधित. कुणीतरी पहिल्या ओळीत टाइप करून खाली ओढत नेलंय हे उघड दिसत होतं.

तेव्हापासून मला सवयच लागली, कुठलाही शिक्षणाचा प्लॅन आला की मी उलटीकडून वाचतो. आधी शेवटचा कॉलम बघायचा. तिथे माणूस किंवा निदान एखादं पद सापडलं तर मग डावीकडे सरकायचं, नाहीतर व्हिजन वाचण्यात वेळ घालवत नाही. कारण लक्ष्याचा आकडा कुणीही लिहू शकतं हो, आकडा चुकला तर कोण काय करणार हे लिहायला जीव लागतो.

आकडे लिहिण्यात अमेरिकेचा हात कुणी धरणार नाही. १९८९ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला तिथले राष्ट्राध्यक्ष थोरले बुश आणि जवळपास सगळ्या राज्यांचे गव्हर्नर एकत्र बसले आणि त्यातून २००० सालापर्यंतची सहा ध्येयं ठरली. प्रत्येक मूल शाळेत येताना शिकायला तयार असेल, किमान ९० टक्के मुलं हायस्कूल पूर्ण करतील, गणित आणि विज्ञानात देश जगात पहिला असेल, प्रत्येक प्रौढ माणूस साक्षर असेल. पुढे १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या काळात त्याचा कायदासुद्धा झाला. २००० साल आलं आणि गेलं, जगात पहिला वगैरे काही झालं नाही, आणि त्यासाठी कुणाला जाब विचारला गेल्याचंही कधी दिसलं नाही. विचारणार कुणाला, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ना.

मग पुढचा कायदा आला तो याच्या बरोब्बर उलट. जानेवारी २००२ मध्ये धाकट्या बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' वर सही केली. त्यात नियम असा की तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि २०१३-१४ पर्यंत १०० टक्के मुलं 'प्रोफिशियंट' म्हणजे अपेक्षित पातळीवर हवीत. शंभर. नव्वद नाही, पंच्याण्णव नाही. पण पातळी म्हणजे काय हे ज्या त्या राज्याने ठरवायचं! आता तुम्हीच सांगा, पास होण्याची रेष पण तुमच्याच हातात आणि नापास झालात तर शिक्षा पण तुम्हालाच, तर रेष कुठे जाईल? काही राज्यांनी ती खाली आणली. काहींनी अजून हुशारी केली, वर्षनिहाय टार्गेटचा जिना असा काढला की पहिली काही वर्षं जवळपास सपाट आणि शेवटी एकदम कडा. म्हणजे अवघड वर्षं येतील तेव्हा आपण त्या खुर्चीत नसणार, पुढचा बघेल काय ते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या त्या ड्राफ्टमधला ग्राफ आठवला, तोसुद्धा अस्साच होता, चौथ्या वर्षापर्यंत चालत आणि पाचव्या वर्षी विमानाने.

शाळांच्या पातळीवर तर अजून वाईट झालं. रेषेच्या अगदी जवळ असलेल्या मुलांवर सगळा जोर लावायचा, कारण ती थोडं ढकललं की पास होतात आणि टक्केवारी वाढते. जे खूप मागे आहेत ते तसेही पास होणार नाहीत आणि जे पुढे आहेत ते झालेलेच आहेत, म्हणजे दोन्ही टोकं सोडून द्या. हे करणारे शिक्षक वाईट होते असं मला वाटत नाही, त्यांना जे मोजतोय असं सांगितलं ते त्यांनी वाढवून दिलं. अटलांटामध्ये तर २००९ च्या परीक्षेत उत्तरपत्रिकांवर चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली इतकी सापडली की राज्य सरकारला चौकशी लावावी लागली, आणि २०११ च्या अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. पुढे २०१५ मध्ये ११ जणांवर गुन्हे सिद्ध झाले. मुलांच्या नव्हे तर मोठ्यांच्या कॉपीचं प्रकरण. शेवटी २०१२ पासून राज्यांना सूट द्यायला सुरुवात झाली आणि २०१५ च्या डिसेंबरात तो कायदाच बदलला.

इथे लगेच काही लोक म्हणतात की बघा, मोजणंच चुकीचं. मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

एकदा एका वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो, तिसरीचा वर्ग. बाईंनी एका मुलाला धडा वाचायला उभं केलं. पोरगं खणखणीत आवाजात वाचायला लागलं, बोट ओळीवर, मध्ये मध्ये श्वास घेऊन, एकदम झकास. वाचता वाचता त्याने पान उलटलं तर दोन पानं एकदम उलटली, चिकटलेली होती. आणि तो वाचतच राहिला. जे पान उघडलंच नव्हतं ते तो वाचत होता, बोट भलत्याच ओळीवर, तिथे तर चित्र होतं खरं म्हणजे. बाईंच्या लक्षात आलं, माझ्याही आलं, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बाईंनी हळूच 'शाब्बास, बस' म्हणून त्याला खाली बसवलं. नंतर दुपारी त्यांनी त्याला एकट्याला बोलावून वेगळंच पुस्तक हातात दिलं तर तीन शब्दांपुढे गाडी जाईना. पोरगं वर्षभर रोज शाळेत आलेलं, रजिस्टरमध्ये हजेरी एकदम चांगली, अभ्यासक्रम पूर्ण, पुस्तकं वेळेवर मिळालेली. ज्या ज्या गोष्टी प्लॅनमध्ये मोजल्या जात होत्या त्या सगळ्यांमध्ये तो हिरव्या रंगात होता.

त्यामुळे मोजा, नक्की मोजा. फक्त ज्या मापाने मोजायचं त्याच मापावर बक्षीस आणि शिक्षा टांगली की ते माप बिघडतं, हे डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच लिहून ठेवलंय. अमेरिकेतच याचा तोडगा पण आहे, त्यांची 'नेप' नावाची चाचणी. १९६९ पासून चालते, १९९० पासून राज्यवार आकडे येतात. ती सगळ्या मुलांची घेत नाहीत, नमुना निवडून घेतात, मुलाला त्यात मार्क कळत नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी क्लास लावून काही फायदाच नाही. राज्यांनी आपली रेष खाली आणली तरी नेपची रेष जागेवरच राहिली आणि राज्याचे ८० टक्के पास आणि नेपचे ३० टक्के अशी विसंगती सगळ्यांना दिसायला लागली. भारतातलं असर सर्वेक्षण पण साधारण याच कारणासाठी उपयोगी पडतं, २००५ पासून घरोघरी जाऊन मुलापुढे एक कागद धरतात: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. वाच म्हणतात, बस. माझ्या पानं चिकटलेल्या दोस्ताला त्या कागदाने पहिल्या मिनिटात पकडलं असतं.

आता शेवटचा कॉलम नीट भरला तर काय होतं ते बघू. मिसिसिपी. अमेरिकेतलं अगदी गरीब राज्य, शिक्षणाच्या यादीत कायम तळाला. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात नेपच्या क्रमवारीत ४९ वं होतं. त्याच वर्षी त्यांनी एक कायदा केला, ध्येय एकच: तिसरी संपेपर्यंत मुलाला वाचता आलं पाहिजे. बातम्यांमध्ये गाजली ती त्यातली एक तरतूद, की वाचता येत नसेल तर तिसरीत थांबवायचं. पण कायदा खाली वाचत गेलात तर खरा मालमसाला वेगळाच आहे. बालवाडीपासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वर्षातून तीन वेळा छोटी तपासणी. त्यात मागे दिसलं की पालकांना लगेच कळवायचं आणि त्या मुलासाठी वेगळी योजना लिहायची. हजारो शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं याचं परत ट्रेनिंग, कारण आवाज आणि अक्षर यांचं नातं पद्धतशीर शिकवायचं असतं हे कित्येकांना कॉलेजात सांगितलंच नव्हतं. आणि सगळ्यात मागे पडलेल्या शाळांमध्ये राज्याने स्वतःच्या पगारावर वाचनाचे कोच पाठवले, जे वर्गात शिक्षकाच्या शेजारी उभे राहून काम करायचे. म्हणजे सप्टेंबरमध्ये एखादं मूल अडलं तर सोमवारी सकाळी कोण कुठे जाणार हे ठरलेलं होतं. वर्षाचा खर्च साधारण दीड कोटी डॉलर, राज्याच्या बजेटमध्ये हा आकडा शोधावा लागेल इतका छोटा. २०२४ मध्ये तेच राज्य चौथीच्या वाचनात नववं आलं.

यावर शंका घेणारे आहेत आणि घ्यावीच. काही म्हणतात कच्च्या मुलांना तिसरीत थांबवलं तर चौथीचा निकाल आपोआप चांगला दिसणार. त्यात थोडं तथ्य असेल, पण नुसत्या तेवढ्यावर ४९ चे ९ होत नाहीत, कारण मुलं थांबवणारी राज्यं अजूनही होती आणि त्यांचं असं काही झालं नाही. मला जास्त खटकतं ते हे की आठवीत तेवढी झेप दिसत नाही. म्हणजे वाचायला शिकवलं, पण वाचून पुढे काय, इतिहास-विज्ञान समजायला जो शब्दसाठा आणि माहिती लागते तो भाग अजून बाकी आहे. आणि ही सगळी गोष्ट व्हायला अकरा वर्षं लागली हे पण विसरू नका. पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये ती मावत नाही, निवडणुकीच्या टर्ममध्ये तर नाहीच नाही.

कॅनडातल्या ओंटारिओने हायस्कूल गळतीसाठी असंच काहीतरी केलं. २००३-०४ मध्ये ६८ टक्के मुलं हायस्कूल पूर्ण करत होती, टार्गेट ठेवलं ८५. प्रत्येक हायस्कूलमध्ये एक शिक्षक असा नेमला की त्याचं काम म्हणजे जी मुलं घसरतायत त्यांची नावं माहीत असणं आणि त्यांच्या मागे लागणं. २०१५ च्या आसपास ते ८५ पर्यंत पोचले. टीकाकार म्हणतात की राहिलेले विषय सोडवून घेणं जरा जास्तच सोपं केलं म्हणून आकडा फुगला. असेल थोडा. पण नावं माहीत असलेला एक माणूस प्रत्येक शाळेत असणं ही कल्पना मला अजूनही फार आवडते.

पैशाबद्दल आता. प्लॅनमध्ये पैशाचं प्रकरण कायम शेवटी आणि तेही 'आवश्यक निधी उपलब्ध करून देण्यात येईल' या वाक्यात. कोण देणार? देण्यात येईल! मराठीतल्या या कर्मणी प्रयोगाने जितकी कामं टांगून ठेवलीत तितकी लाल फितीनेही ठेवली नसतील. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं उदाहरण म्हणून मजेशीर आहे. तिथे आधी कोर्ट गेलं. १५ जून १९९३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब गावातल्या मुलाला नीट शिकवणं ही राज्याची घटनात्मक जबाबदारी आहे, गावावर ढकलता येणार नाही. तीन दिवसांनी सुधारणेचा कायदा सही झाला (तयारी आधीपासून होती अर्थात). त्यात आधी हिशोब मांडला की अशी अशी मुलं असलेली शाळा व्यवस्थित चालवायला इतका खर्च येतो, गाव स्वतः इतकं देऊ शकतं, उरलेलं राज्य भरेल. हे सात वर्षांत टप्प्याटप्प्याने केलं. राज्याची परीक्षा १९९८ ला सुरू झाली, आणि त्या परीक्षेवर हायस्कूलचं सर्टिफिकेट अवलंबून राहिलं ते २००३ च्या बॅचपासून. म्हणजे पैसे आधी, परीक्षा नंतर, परिणाम सगळ्यात शेवटी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो. पुढे त्यांचाही हिशोब जुना झालाच, कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचा खर्च कमी धरला गेला होता, ते दुरुस्त करायला २०१९ उजाडलं. आणि २०२४ मध्ये तर मतदारांनी परीक्षा पास होण्याची ती अटच काढून टाकली.

ब्राझीलच्या सिआरा राज्याने याहून भन्नाट काम केलं. सोब्राल नावाच्या त्यांच्याच एका गरीब शहराने आधी मुलांना वाचायला शिकवून दाखवलं होतं, ते बघून राज्याने २००७ मध्ये सगळ्या नगरपालिकांसाठी कार्यक्रम काढला, ध्येय परत एकच, दुसरी संपेपर्यंत वाचन. आणि नगरपालिकांना कराचा जो वाटा राज्याच्या मर्जीने वाटला जायचा त्याचा मोठा भाग मुलांच्या शिकण्यातल्या निकालाशी बांधला. एकदम प्रत्येक महापौराला शिक्षणात रस वाटायला लागला, सांगायची गरजच पडली नाही. पण माझी आवडती तरतूद वेगळी आहे. उत्तम निकाल आणणाऱ्या शाळांना बक्षिसाची रक्कम मिळते पण सगळी नाही, एक हिस्सा मागे ठेवतात. मागे पडलेली एक शाळा जोडीला दिली जाते, तिला मदत करून दाखवली की उरलेले पैसे. इथे चांगल्या शाळेला शेजारची शाळा वर येण्यात फायदा आहे. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याला भेटायला आवडेल मला.

वर्गातली मुलं कमी करा, हे ध्येय प्रत्येक प्लॅनमध्ये असतं आणि टाळ्या पण त्यालाच मिळतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं खरोखर प्रयोग करून बघितला, १३ ते १७ मुलांचे वर्ग विरुद्ध २२ ते २५ चे, आणि छोट्या वर्गातली मुलं पुढे गेली. ते बघून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये अख्ख्या राज्यात पहिल्या काही इयत्तांसाठी २० ची मर्यादा आणली, तीही घाईघाईत, उन्हाळ्यात निर्णय आणि शाळा उघडताना अंमल. एकदम हजारो शिक्षक लागले. कुठून आणणार? सुखवस्तू भागातल्या शाळांनी जागा काढल्या, गरीब वस्त्यांमधले अनुभवी शिक्षक तिकडे गेले, आणि गरीब वस्त्यांमध्ये वर्ग छोटे झाले पण समोर पूर्ण ट्रेनिंग न झालेला माणूस. वर्गखोल्या कमी पडल्या म्हणून ग्रंथालयं आणि संगीताच्या खोल्या गेल्या. ध्येय चांगलं, पुरावा चांगला, आणि तरी ज्यांच्यासाठी केलं तेच तोट्यात, कारण शिक्षक तयार व्हायला किती वर्षं लागतात हा कॉलमच टेबलमध्ये नव्हता.

हजेरीचं एक सांगतो आणि मग संपवतो, नाहीतर हे फारच लांबेल. सगळे प्लॅन सरासरी हजेरी मोजतात. चाळीस मुलांच्या वर्गात ९० टक्के हजेरी म्हणजे रोज चार मुलं गैरहजर. पण ती चार मुलं रोज वेगळी असतील तर तो सर्दी-खोकला, आणि रोज तीच चार असतील तर ती शाळेतून गेलीच आहेत, आपल्याला फक्त कळलं नाही. सरासरी दोन्हीत सारखीच येते! म्हणून आता अमेरिकेतली बरीच राज्यं वेगळं मोजतात, वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती. तिथे हा आकडा कोरोनाच्या आधी सुमारे १५ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २८ च्या आसपास गेला. हा आकडा मोजायचा तर मुलानुसार मोजावं लागतं, म्हणजे नावांची यादी आपोआप तयार होते, आणि यादी आली की कुणाच्या तरी टेबलावर ठेवावी लागते.

टॅब्लेट, स्मार्ट क्लासरूम, डॅशबोर्ड याबद्दल काही लिहीत नाही. ड्राफ्टमध्ये त्यावर सगळ्यात जास्त पानं होती. असो.

तर त्या ड्राफ्टवर सूचना ऐकायला मीटिंग बोलावली होती, तिथे मी एवढंच म्हटलं की ध्येयं निम्मी करा, काय थांबवणार तेही लिहा, म्हणजे शिक्षकांचे कुठले फॉर्म बंद होणार वगैरे, आणि शेवटच्या कॉलममध्ये सर्व संबंधित काढून पद लिहा. पद लिहिल्यावर जरा गडबड झाली. एक साहेब म्हणाले, अहो मग उद्या त्यालाच विचारतील ना. मी म्हटलं हो, त्यासाठीच. बाजूच्या बाईंनी टेबलाखालून मला अंगठा दाखवला, तेवढाच आधार. चहा आला, विषय डॅशबोर्डच्या रंगांकडे गेला.

सहा महिन्यांनी अंतिम प्रत आली. ध्येयं होती तेवढीच, एक वाढलेलं. मी सवयीने उलटीकडून उघडली. सर्व संबंधित, सर्व संबंधित, सर्व संबंधित, आणि वाचनाच्या ओळीपुढे चक्क एक पद लिहिलेलं! इतका आनंद झाला की लगेच फोन काढला, म्हटलं या व्यक्तीला भेटायचंय, नंबर मिळेल का. पलीकडचा माणूस जरा थांबला आणि म्हणाला, सर, ते पद दोन वर्षांपासून रिक्त आहे.